अध्यक्षांचे पत्र आणि सभासदाची वर्गणी

संघटना कोणतीही असो, गिरणी कामगारांची असो, शिक्षकांची असो किंवा वकिलांची असो, तिचा अध्यक्ष अधूनमधून सभासदांना पत्र लिहितो. कोणी त्याला परिपत्रक म्हणतात, कोणी निवेदन म्हणतात, तर कोणी 'अध्यक्षीय मनोगत' असे भारदस्त नाव देतात. सभासद ते वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो किंवा न वाचताच रद्दीत टाकतो. पण त्या पत्रात एक लहानसा शब्द असतो, आणि त्या शब्दावरून अमेरिकेतील न्यायालयांत साठ वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. तो शब्द म्हणजे 'आम्ही'. अध्यक्ष जेव्हा 'आम्ही' असे लिहितो, तेव्हा त्या 'आम्ही'त कोण कोण येते? पत्र लिहिणारा एकटा, त्याचे कार्यकारी मंडळ, की वर्गणीची पावती फाडलेला प्रत्येक सभासद?

आज आम्ही या प्रश्नाचा विचार अमेरिकेतील राज्यवार वकील-संघटनांच्या उदाहरणावरून करणार आहोत. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने परदेशच्या वकिलांच्या घरात का डोकावावे, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येईल. तिचे उत्तर सोपे आहे. त्या वकिलांच्या वर्गणीचा आणि त्यांच्या अध्यक्षांच्या पत्रांचा जो कायदा आज तेथे आहे, तो मुळात रेल्वे कामगारांच्या आणि शाळामास्तरांच्या युनियनांवरील खटल्यांतून निघाला आहे. वकिलांनी आपल्या हक्कांसाठी आधार घेतला तो आमच्यासारख्यांच्या भांडणांचा. तेव्हा हे घर अगदीच परके नाही.

प्रथम या संघटनांचे स्वरूप समजून घेऊ. अमेरिकेत वकिलीचा परवाना देशभर एक नसतो. तो राज्याराज्यांतून मिळतो. वकिलांच्या राज्य-संघटनाही दोन प्रकारच्या आहेत. न्यूयॉर्क, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशा राज्यांत संघटना ऐच्छिक आहे. पटले तर सभासद व्हा, न पटले तर होऊ नका. वकिली चालूच राहते. परंतु टेक्सास, मिशिगन, ओरेगॉन, विस्कॉन्सिन, लुइझियाना अशा सुमारे तीस राज्यांत संघटना सक्तीची आहे. वर्गणी भरली नाही तर वकिली बंद. हा सक्तीचा प्रकार प्रथम १९२१ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यात सुरू झाला. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियाने तो उचलला आणि पुढे बरीच राज्ये त्या वाटेने गेली. हेतू वाईट नव्हता. लबाड वकिलांना शिक्षा व्हावी, धंद्याला शिस्त लागावी आणि त्याचा खर्च सर्वांनी मिळून सोसावा, हा तो हेतू.

आपल्याकडे ही दोन कामे बरीचशी वेगळी ठेवलेली आहेत. १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्याप्रमाणे महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल सनद देते, पट ठेवते आणि गैरवर्तनाची चौकशी करते. तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा वकील संघ ही निराळी संस्था; तिचे सभासदत्व आणि सनद या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अमेरिकेतील सक्तीच्या संघटनांत मात्र परवाना, शिस्त, मासिक, मेळावा, विधिमंडळाकडची रदबदली आणि अध्यक्षांचे मनोगत ही सारी कामे एकाच छपराखाली नांदतात. एका हाती दंडुका आणि दुसऱ्या हाती ध्वनिक्षेपक, अशी ही मूर्ती आहे. भांडणाचे मूळ येथेच आहे.

आता अध्यक्षांच्या पत्राकडे येऊ. या संघटनांत अध्यक्ष बहुधा एका वर्षासाठी असतो. पुढील वर्षी कोण बसणार हे आधीच ठरलेले असते. त्याला नियोजित अध्यक्ष म्हणतात. संघटनेचे मासिक निघते आणि त्यात अध्यक्षाचे एक पान राखून ठेवलेले असते. म्हणजे वर्षभरात दहा-बारा पत्रे लिहिण्याची संधी त्याला मिळते. विषय बहुतेक ठरलेले. गरिबांचे खटले फी न घेता चालवा; न्यायालयात एकमेकांशी सभ्यतेने वागा; दारूच्या आणि मनस्तापाच्या आहारी गेलेल्या वकीलबंधूला वेळीच हात द्या; न्यायाधीशांवर नाहक चिखलफेक होत असेल तर गप्प बसू नका; अमुक विधेयक विधिमंडळात आले आहे त्याकडे लक्ष द्या; वर्गणी वाढवणे का भाग आहे ते ऐका. वाचून पाहिले तर आमच्या युनियनांच्या परिपत्रकांपेक्षा ही पत्रे फारशी वेगळी नाहीत. पुढाऱ्याची भाषा जगभर एकाच टाकसाळीत पडत असावी.

बारकाईने पाहिले तर अशा पत्रात तीन कामे गुंफलेली असतात. पहिले काम माहिती देण्याचे : नियम बदलला, फी बदलली, अमक्या तारखेला सभा आहे. दुसरे काम विनवणीचे : हे करा, ते टाळा. तिसरे काम सभासदांच्या वतीने जगाशी बोलण्याचे : आम्हां वकिलांचे असे मत आहे. पहिल्या दोहोंबद्दल कोणाची तक्रार नसते. माहिती नको असेल तर वाचू नये, विनवणी पटली नाही तर ऐकू नये. तिसऱ्या कामात मात्र सभासदाची जीभच अध्यक्ष उसनी घेतो. आणि ज्या संघटनेतून बाहेर पडले तर पोटावर पाय येतो, त्या संघटनेत ही उसनवारी विचारून केलेली नसते.

विस्कॉन्सिनमधील लॅथ्रोप नावाच्या वकिलाने हाच मुद्दा धरला. त्याने १५ डॉलरची वर्षाची वर्गणी निषेध नोंदवून भरली आणि तो न्यायालयात गेला. माझ्या पैशावर संघटना माझ्या मताविरुद्ध बोलते, हे त्याचे म्हणणे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ जून १९६१ रोजी निकाल दिला की वकिलांकडून सक्तीने वर्गणी घेता येते. मात्र न पटणाऱ्या मतप्रचारासाठी ती खर्च करता येते की नाही, हा प्रश्न त्या दिवशी न्यायालयाने मिटवला नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, त्याच दिवशी त्याच न्यायालयाने रेल्वेकडील मशिनिस्टांच्या युनियनचाही निकाल दिला. ज्या कामगाराने हरकत घेतली आहे, त्याचा पैसा राजकीय प्रचारासाठी वापरू नये, असा त्या निकालाचा आशय होता. वकील आणि रेल्वे कामगार असे एका तारखेला एका दारात उभे राहिले.

पुढे १९७७ मध्ये डेट्रॉइटच्या शाळामास्तरांचा खटला झाला. त्यात नियम ठरला तो असा : वाटाघाटी आणि करार यांचा लाभ सर्वांनाच मिळतो, म्हणून त्या खर्चाचा वाटा सभासद नसलेल्याकडूनही घेता येईल, परंतु राजकीय आणि वैचारिक प्रचाराचा खर्च त्याच्या माथी मारता येणार नाही. १९८६ मध्ये शिकागोच्या शिक्षकांच्या खटल्यात आणखी तपशील आला. हिशेब आधी समजावून सांगा, हरकतीची सुनावणी तटस्थ माणसापुढे लवकर करा आणि वादातली रक्कम तोवर बाजूला ठेवा, असे न्यायालयाने सांगितले.

मग पाळी आली वकिलांची. कॅलिफोर्नियातील केलर आणि इतर वकिलांच्या खटल्यात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला आणि मास्तरांना लावलेला नियम वकील-संघटनेलाही लागू केला. वकिलीच्या धंद्याचे नियमन आणि लोकांना मिळणाऱ्या कायदेशीर सेवेची सुधारणा, या दोन कामांसाठी सक्तीची वर्गणी खर्च करावी. त्याबाहेरच्या वैचारिक प्रचारासाठी करू नये. न्यायालयाने दोन टोके दाखवून दिली. शिस्तभंगाची कारवाई आणि आचारसंहिता हे एक टोक. तेथे हरकत चालणार नाही. बंदुकांवर नियंत्रण असावे की नसावे, अण्वस्त्रे गोठवावी की नाही, हे दुसरे टोक. तेथे सक्तीचा पैसा चालणार नाही. मधल्या पट्ट्यात काय बसते हे सांगणे नेहमीच सोपे असणार नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. गेली तीस-पस्तीस वर्षे सारे खटले या मधल्या पट्ट्यातच चालले आहेत.

२०१८ साल या बाबतीत फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ओरेगॉन राज्याच्या वकील-संघटनेच्या मासिकात दोन निवेदने समोरासमोर छापून आली. एक होते संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचे. गोऱ्या वंशाच्या वर्चस्वाचा पुरस्कार आणि हिंसेला मिळणारी प्रतिष्ठा यांचा त्यात निषेध होता. शेजारी होते राज्यातील इतर काही वकील-मंडळांचे संयुक्त निवेदन. त्यात त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांच्यावर नाव घेऊन टीका होती. काही सभासदांनी तक्रार केली. वंशद्वेषाचा निषेध आम्हालाही मान्य आहे, पण राष्ट्राध्यक्षांवरची टीका आमच्या तोंडी का घालता, असा तिचा सूर होता. संघटनेने त्यांच्या वर्गणीचा त्या अंकापुरता भाग व्याजासह परत केला. ती रक्कम प्रत्येकी १ डॉलर १५ सेंट भरली!

ही रक्कम ऐकून हसू येते. परंतु कामगार चळवळीत ज्याने पै-पैच्या पावत्या फाडल्या आहेत तो हसणार नाही. त्या सभासदांचे भांडण १ डॉलर १५ सेंटांचे नव्हतेच. क्रो नावाचे वकील पुढे लढत राहिले. २०२१ मध्ये वरिष्ठ संघीय न्यायालयाने सांगितले की वर्गणीचा मुद्दा जुन्या निकालाने बंद झाला आहे, पण सक्तीच्या सभासदत्वाचा मुद्दा उघडा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने क्रो यांच्या बाजूने निकाल दिला. ती दोन्ही पाने पाहणाऱ्या माणसाला संघटनाच बोलते आहे असे वाटेल, आणि त्यांतील राष्ट्राध्यक्षांवरची टीका संघटनेच्या नेमून दिलेल्या कामात बसत नाही, म्हणून सक्तीने सभासद केलेल्या माणसाच्या स्वातंत्र्याला बाधा आली, असा त्याचा सारांश आहे. म्हणजे पैसे परत केल्याने प्रश्न मिटला नाही. सभासदाच्या नावाने बोलल्याचा डाग पावतीने धुतला जात नाही.

त्याच २०१८ च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जेनस खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी १९७७ चा मास्तरांचा निकाल रद्द केला. सरकारी नोकराकडून त्याच्या संमतीवाचून युनियनसाठी एक पैसाही घ्यावयाचा नाही, असे ठरले. आम्ही कामगार चळवळीतले लोक या निकालाकडे कष्टी मनाने पाहतो. कराराचा लाभ घ्यावयाचा आणि कराराच्या खर्चाला हात लावावयाचा नाही, ही सवय कोणत्याही युनियनला आतून पोखरते. पण तो निकाल ज्या तक्रारीच्या जोरावर उभा राहिला, ती तक्रार पुढाऱ्यांनी वेळीच ऐकली पाहिजे होती, हेही तितकेच खरे. गंमत अशी की, मास्तरांचा निकाल पडला तरी त्याच्या पायावर बांधलेला वकिलांचा १९९० चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने अद्याप पाडलेला नाही. २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या वकिलांनी तशी मागणी केली, तेव्हा न्यायालयाने ते प्रकरण सुनावणीलाच घेतले नाही. दोन न्यायमूर्तींनी मात्र ते घ्यावयास हवे होते असे लिहून ठेवले.

सीमा किती बारीक होत गेली याचे एक उदाहरण लुइझियानाचे आहे. तेथील संघटना समाजमाध्यमांवरून सभासदांना आरोग्याच्या सूचना देत असे. व्यायाम करावा, अक्रोड खावेत, असा निरुपद्रवी उपदेश. २०२३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की वकिलीच्या नियमनाशी याचा संबंध पोचत नाही, सबब सक्तीच्या संघटनेने हे करू नये. अक्रोडापर्यंत गोष्ट गेली म्हणजे थट्टा होणारच. तरी निकालातील तर्क सरळ आहे : ज्याला दार उघडून बाहेर जाता येत नाही, त्याच्या कानाशी बोलताना विषयाची मर्यादा पाळावी लागते. याउलट टेक्सासच्या खटल्यात २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने संघटनेच्या मासिकाला दोष दिला नाही. त्या मासिकात निरनिराळी मते छापली जातात आणि छापलेले प्रत्येक मत संघटनेचे नव्हे, असा खुलासाही असतो, हे न्यायालयाने पाहिले.

कॅलिफोर्नियाने तर घरच वाटून घेतले. १ जानेवारी २०१८ पासून परवाना आणि शिस्त जुन्या संस्थेकडे राहिली. परिषदा, अभ्यासमंडळे, सभासदांची उठबस ही कामे एका नव्या ऐच्छिक संघटनेकडे गेली. दंडुका एकाकडे आणि ध्वनिक्षेपक दुसऱ्याकडे. ऐच्छिक संघटनेच्या अध्यक्षाने काहीही लिहावे. ज्याला पटत नाही त्याने पुढच्या वर्षी वर्गणी भरू नये.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग पुढाऱ्याने तोंडाला कुलूप लावून बसावे काय? तसे मुळीच नाही. मौनालाही किंमत पडते. २०२५ च्या मार्चपासून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काही मोठ्या वकील-कंपन्यांविरुद्ध आदेश काढले. सरकारी इमारतींत त्यांना प्रवेश रोखावा, त्यांच्या अशिलांची सरकारी कंत्राटे तपासावीत, अशा त्यांतील तरतुदी होत्या. चार कंपन्या न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी मे-जूनमध्ये संघीय जिल्हा न्यायालयांनी चारही प्रकरणांत आदेश घटनाबाह्य ठरवले. आता सांगा, वकिलाने कोणाचे वकीलपत्र घेतले म्हणून त्याला शिक्षा होत असेल, तर वकिलांच्या अध्यक्षाने पत्र लिहू नये काय? आमच्या मते लिहिलेच पाहिजे. हा प्रश्न धंद्याच्या गाभ्याचा आहे. नाव त्याच राष्ट्राध्यक्षांचे असेल, पण ओरेगॉनच्या वादातील टीका आणि ही तक्रार यांची जात वेगळी आहे. टीका कोणावर आहे हे पाहून सीमा ठरत नाही. ती संघटनेच्या कामातून उगवते की पुढाऱ्याच्या मनातून, यावरून ठरते.

आपल्या देशाचा अनुभव या ठिकाणी ताडून पाहण्यासारखा आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियनला राजकीय कामासाठी निराळा निधी उभारण्याची मुभा दिली, आणि त्याच कलमात सांगितले की या निधीला पैसे देण्याची सक्ती कोणत्याही सभासदावर करता येणार नाही, न दिल्याबद्दल त्याचे हक्क कमी करता येणार नाहीत. अमेरिकेच्या न्यायालयांना जे अनेक दशके घासाघीस करून ठरवावे लागले, ते आपल्याकडे एका कलमात आधीच लिहिलेले होते. वकिलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हरीश उप्पल खटल्यात सांगितले की वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराची हाक देण्याचा हक्क नाही, आणि अशी हाक न मानणाऱ्या वकिलाला संघटनेने काढून टाकण्याचा धाक घालता कामा नये. संपाच्या हक्काबद्दल आमचे मत तिखट आहे. ते आज येथे मांडत नाही. परंतु न मानणाऱ्या सभासदाला संरक्षण, हा भाग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आणखी मागे गेलो तर नारायण मेघाजी लोखंडे दिसतात. 'दीनबंधु' पत्रातून ते गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडीत. त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांचा पट नाही, निधी नाही, नियम नाहीत, असे सरकारी अहवालात हिणवले गेले. गोष्ट खरी होती. पण सक्तीने घेतलेला एक पैसाही नसताना कामगार त्यांचे 'आम्ही' आपले मानीत, कारण त्या 'आम्ही'त कामाचे तास होते, रविवारची सुटी होती, पगाराची तारीख होती. याउलट एका कारखान्याच्या फाटकावर एक जुना फिटर पुढाऱ्याचे चार पानी परिपत्रक शेवटपर्यंत वाचून आम्हाला म्हणाला होता, "भाऊ, सगळ्या जगाचं लिवलंय ह्यात. आमच्या बोनसाचं कुठल्या पानावर हाय?" अमेरिकेच्या न्यायालयांनी शेकडो पानांत जे लिहिले, त्याचा निम्मा अर्थ या वाक्यात आला आहे.

तात्पर्य काय? पुढाऱ्याच्या पत्राला काही साधे नियम लावता येतील. 'मी' कोठे संपतो आणि 'आम्ही' कोठे सुरू होतो हे स्पष्ट असावे. स्वतःचे मत स्वतःच्या सहीने लिहावे. 'आम्ही' म्हणावयाचे असेल तर त्यामागे ठराव असावा आणि ठराव कोणत्या सभेत झाला हे पत्रात सांगावे. विषय संघटनेच्या कामातून निघालेला असावा. ओढूनताणून जोडलेला नसावा. ज्यांचे मत वेगळे पडले त्यांना त्याच मासिकात, तितक्याच ठळक अक्षरांत जागा मिळावी. खर्चाचा हिशेब मागण्याआधी द्यावा. आणि सभासदत्व जितके सक्तीचे, तितकी जीभ आवरती असावी. बाहेर पडण्याचे दार जितके रुंद, तितकी बोलण्याची मोकळीक अधिक.

कोणी म्हणेल, अशाने संघटनेची धार बोथट होईल. आमचा अनुभव उलट आहे. ज्या सभासदाला ठाऊक असते की आपले नाव आपल्याला न विचारता वापरले जात नाही, तो सभासद वेळ आली म्हणजे आपले नाव स्वतः होऊन पुढे करतो. त्याने न विचारता दिलेल्या शंभर पाठिंब्यांपेक्षा विचारून दिलेला एक पाठिंबा मालकाला आणि सरकारला अधिक जड जातो. अमेरिकेच्या वकिलांनी हे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून शिकले. आपल्याला ते सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, वर्गणीच्या पावतीवर आणि पुढच्या महिन्याच्या परिपत्रकात शिकता येण्याजोगे आहे.